वहाणेच्या तळाएवढे गवत

“आज तारीख काय?” साहेबांनी घोड्यावरूनच विचारले.

“एकोणीस ऑगस्ट, सर.”

“मग ही मेंढरे दोन नंबरच्या प्लॉटमध्ये कशी?”

मोहोळजवळच्या सरकारी कुरणावर मी ओव्हरसियर होतो. वाटेल तशी चराई होऊन तिथे गवतापेक्षा दगड जास्त झाले होते. म्हणून साहेबांनी स्कीम काढली. कुरणाचे चार प्लॉट करायचे. एकात मेंढरे, बाकी तिन्हींना विश्रांती. कल्पना उत्तम होती. फक्त पाळी बदलायची ती दर महिन्याच्या एक तारखेला. गवताला कॅलेंडर वाचता येते, अशी आमच्या ऑफिसची खात्री होती.

मायाप्पा धनगराला मात्र ते वाचता येत नव्हते. त्याची ऐंशी मेंढरे आणि चराईचा एक पास, एवढाच त्याचा संसार. बाहेर एकतर पेरलेली राने, नाहीतर उघडा माळ.

“कोणाला विचारून हललास?”

“गवतालाच इचारलं की, सायेब.” मायाप्पाने पायातली वहाण काढून एक नंबरच्या जमिनीवर टेकवली. “ह्यो तळ बघा. ह्याच्या वर गवत दिसंना झालं, की आमी उठतो. मेंढराला कवळा फुटवा लई ग्वाड. त्यो बी खाल्ला, की मूळ मरतंय.”

“आता धनगराची पायताणे सिस्टिम ठरवणार!”

“पायताण एकच हाय, सायेब. दुसरं पायातच ठिवलंय.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी हुकूम दिला : चारी प्लॉट मधोमध विभागायचे. एका बाजूला मायाप्पा वहाणेने चारील, दुसऱ्या बाजूला सरकारी फार्मची ऐंशी मेंढरे कॅलेंडरने चरतील. दिवाळीनंतर मोजणी. मायाप्पाची बाजू कमी भरली, तर पास रद्द.

सप्टेंबरात पावसाने दडी मारली. मायाप्पा बाराव्या दिवशीच पुढच्या प्लॉटात गेला. सरकारी कळप तीस तारखेपर्यंत जागेवर उभा होता. मेंढके हुकमाची वाट पाहत होते, मेंढरे गवताची.

मोजणीसाठी मी एक फूट लांब, एक फूट रुंद लाकडी चौकट करून घेतली. ती डोळे मिटून फेकायची आणि आत सापडलेले गवताचे बुंधे मोजायचे. दोन्हीकडे पन्नास-पन्नास वेळा. सरकारी बाजूला डोळे उघडे ठेवायला हरकत नाही, असे साहेबांनी सुचवले. मी मिटलेलेच ठेवले.

मायाप्पा प्रत्येक चौकटीशी उकिडवा बसत होता. “भाऊसाहेब, नीट मोजा बरं का. घरात सात मानसं हायती.”

त्याच्या बाजूला चौकटीमागे सरासरी नऊ बुंधे भरले, बहुतेक मारवेल. हे गवत जनावरे आवडीने खातात. सरकारी बाजूला चार. तेही कुसळ, जे मेंढराच्या तोंडात रुतते.

साहेबांनी आकडे दोनदा वाचले. “म्हणजे आपली स्कीम यशस्वी झाली!”

“होय सर,” मी म्हणालो, “अर्धी.”

मायाप्पाचा पास कायम राहिला. वहाणेचा तळ मी पट्टीने मोजला, दीड इंच भरला. पुढे साहेबांच्या सहीने सर्क्युलर निघाले : गवत दीड इंचावर येताच पाळी बदलावी; पितळी माप वरून येईल, तोवर स्थानिक साधन चालेल.

याला चार वर्षे झाली. पितळी माप आलेले नाही. दरम्यान मायाप्पाने दोनदा तळ बदलला. दोन्ही वेळा मी पट्टी लावून पाहिली. दीड इंच. इतके भरवशाचे सरकारी साधन माझ्या नोकरीत मी दुसरे पाहिलेले नाही.