जमिनीतनं माघारी जाणारी वीज

सन १९९८. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही पुरी नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण त्या दुपारी मी जे डोळ्यांनी पाहिलं ते तोंडानं सांगितलं की लोक हसतात. ज्यांना हसायचंय त्यांनी पुढं वाचू नये.

आमची वस्ती बारामतीहून भिगवणला जाताना रस्त्यापासून जरा आत. मुलगा बारामतीला कंपनीत पाळीवर जायचा. सून शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिनं घरी छपाईचं काम सुरू करायचं ठरवलं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असलं. त्यासाठी गोठ्यातली म्हैस मळ्यातल्या विहिरीवर नेऊन बांधली आणि गोठ्यात शहाबादी फरशी टाकली. मी म्हणालो, "म्हैस दूध देती. हे डबं काय देणार?" माझं कुणी ऐकलं नाही. गोठ्यात दोन कॉम्प्युटर आले, एक छापायचं यंत्र आलं, आणि मधे एक चपटी पेटी, तिला सगळ्यांच्या वायरी जोडलेल्या. एका कॉम्प्युटरमधलं दुसऱ्यात जायचं ते त्या पेटीतून. काम चालू असलं की तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकायचे.

पावसाळाभर सगळं ठीक चाललं. दिवाळीनंतर पेटी मरायला लागली.

म्हणजे कशी, तर एक कॉम्प्युटर एकटा लावला तर चालायचा. दुसरा एकटा लावला तरी चालायचा. दोन्ही लावून इकडचं तिकडं पाठवायला घेतलं की छोटं पत्र जायचं, पण मोठं काही पाठवलं की अर्ध्यात पेटीचे दिवे जायचे. मग ते पाठवलेलं फुकट. तासभर बंद ठेवलं की पुन्हा जिवंत, पुन्हा अर्ध्यात मरण. बारामतीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. पेटी बदलली, वायर बदलली. नवी पेटीही तशीच मेली.

त्यातच सुनेनं इंदापूरच्या एका शाळेची स्मरणिका छापायला घेतलेली. पानोपानी फोटो. फोटो एका कॉम्प्युटरमधे, छापायचं यंत्र दुसऱ्याला. शाळेचा कार्यक्रम तोंडावर आलेला. मुलगा जेवताना म्हणाला, "तात्या, हे काम वेळेत गेलं न्हाय तर हितं काय राम न्हाय. पुण्याला खोली बघून ठेवलीय. तिला तिथं नोकरी मिळंल."

मी म्हणालो, "जावा की. अडवलंय कुणी?"

तोंडानं म्हणालो. पण हातातली भाकरी ताटात ठेवली. ते दोघं गेले की वस्तीवर मी आणि आमची मंडळी, दोघंच. तीही त्या दिवशी ताटावर बसून नुसता भात चिवडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून गोठ्यातून हाक मारायला लागली. "मामा, जरा इकडं या. फक्त त्या दिव्याकडं बघत उभे राहा. बारीक झाला की सांगा."

गोठ्यात मधोमध साधा बल्ब होता. मी मान वर करून उभा राहिलो. तिनं एक कॉम्प्युटर लावला. बल्ब जरा उतरला. दुसरा लावला. आणखी उतरला. मग तिनं फोटो पाठवायला घेतले, आणि बल्ब हळूहळू विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबडा होत गेला.

"झाला की गं बारीक!"

तेवढ्यात पेटी मेली.

"पेटी खराब नाहीच," ती म्हणाली. "घरातली वीजच बसतीय." मग मीटरपासून निघालेली वायर ती बोटानं चाचपत भिंतीनं निघाली. एक वायर खांबाकडं गेली. दुसरी भिंतीतून बाहेर पडली. सून बाहेर आली, मी मागोमाग. वायर भिंतीवरनं खाली उतरून जमिनीत रोवलेल्या जुन्या पहारीला गुंडाळलेली.

"मामा, ही तर जमिनीत गेलीय!"

"मग कुठं जाणार?"

"अहो, ही माघारी जायची वायर. ही खांबावर पाहिजे."

"खांबावरची वादळात तुटली. बारा वर्सं झाली. वस्तीवर सगळ्यांनी असंच केलंय. वीज तारंनं येती आन् जमिनीतनं माघारी जाती. त्यात काय एवढं?"

ती कपाळाला हात लावून उभी. मग वाकून तिनं पहारीभोवतीची माती चिमटीत घेतली. माती भुगा होऊन उडाली. "इथं आधी ओल होती का?"

आमची मंडळी तेवढ्यात दारात आलेली. ती म्हणाली, "होती की. गोठ्याची नाली तिथंच सांडायची. रोज म्हशीचं मूत आन् धुण्याचं पाणी."

सून एकदम माझ्याकडं वळली. "मामा, एक घागर पाणी आणा. पण लांबून ओता. पहारीला हात लावू नका."

मला कळेना हे काय चाललंय. तरी हौदातून घागर भरली. सुनेनं आत जाऊन सगळं चालू केलं आणि खिडकी उघडी ठेवली. बल्ब तांबडा झालेला मला बाहेरून दिसत होता. मी पाणी सोडलं. वाळलेल्या मातीनं ते सुरसुर आवाज करत पिऊन टाकलं.

आणि बल्ब वर आला.

मी हात थांबवला. बल्ब तिथंच थांबला. पुन्हा ओतलं. पुन्हा वर आला. पिवळा झाला, मग पांढरा. मी पाणी घालीन तसा उजेड वाढत होता.

जन्मभर मी पाणी दिलंय. ज्वारीला दिलं, कांद्याला दिलं, उसाला दिलं. पाणी दिलेलं पीक दुसऱ्या दिवशी मान वर करतं, आठ दिवसांनी रंग धरतं. इथं माती पाणी पीत होती आणि त्याच दमाला भिंतीपलीकडं उजेड उगवत होता. माझा आजा याच रानातनं मेंढरं घेऊन फिरला, विस्तवापलीकडं दुसरा उजेड त्याला ठाऊक नव्हता. आणि त्याच्याच पायाखालच्या मातीतून, मुळं, दगड, गांडुळं ओलांडत ती वीज कुठल्या कुठं माघारी जात होती. आम्ही तिच्यावर चालत होतो, झोपत होतो. बारा वर्षं मी "त्यात काय एवढं" म्हणत होतो.

"मामा, आत या!"

पेटीचे हिरवे दिवे थांबत नव्हते. छापायच्या यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. शाळेच्या पायरीवर बसलेली पोरं, एकेकाचा चेहरा स्वच्छ. कागद कोमट होता. मी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा राहिलो. मंडळी म्हणाली, "अवो, म्हशीलाच आणा परत. तिचं मूत इंजिनेरापरीस चांगलं हाय." सून हसून हसून खुर्चीत बसली.

संध्याकाळपर्यंत मी घागरी ओतत राहिलो आणि सून छापत राहिली. मुलगा पाळीवरून आला तेव्हा गठ्ठा बांधून तयार होता. तो सकाळी इंदापूरला पोचवायचा ठरला. मुलानं विचारलं, "मग खोलीवाल्याला काय सांगू?"

"नको म्हणून सांगा," सून म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पण मामा, खांबावरनं तार आली पाहिजे. त्या डब्यांना हात लावला की मला मुंग्या येतात. उद्या ओल्या हातानं कुणी धरलं तर? तार येईपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही. आणि तारच येणार नसंल, तर आम्ही पुण्याला जातो."

तार आणायला माझी ना नव्हती. पंचाईत वेगळीच होती. ज्या वायरमननं बारा वर्षांपूर्वी "तात्या, तार ओढून घ्या, पहारीवर चालायचं न्हाय" म्हणून सांगितलं होतं, त्याला मी चार लोकांत म्हणालो होतो, "माझी जमीन तुझ्या तारंपेक्षा कमी हाय का रं?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

सकाळी उठल्या उठल्या मी त्याच्या दारात गेलो. तो दात घासत होता. मला बघून चूळ भरायला विसरला.

"का तात्या, वाट चुकला काय?"

"खांबापासनं तार वढायची हाय."

"आन् जमीन काय म्हणती तुमची?"

"जमीन बरी हाय. तू तार वढ."

चुकलं असं मी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. तो तोंड धुऊन आला, तारेचं भेंडोळं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आपण शिडी घेतली. आमच्या खांबाशी आल्यावर तो वर चढला, आणि मी खाली शिडी धरून उभा राहिलो.