पाव्हणे येऊ दे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार नांदुऱ्याच्या मोजणीवाल्या काकांचे आहेत. पदवी घेऊन मी त्यांच्याकडेच काम शिकलो. त्यांचं जीपीएस यंत्र साधं, एकाच बँडचं. नेमकी जागा पकडायला फार वेळ घ्यायचं. काका उपग्रहांना पाव्हणे म्हणत. पडद्यावर ‘फ्लोट’ दिसतंय, म्हणजे जागा अजून डळमळतेय, तोवर ते हद्दीच्या खुंटीला हात लावत नसत.

वरवट बकालला बांधावरून दोन भावांचं बोलणं बंद होतं. मोजणीच्या दिवशी धाकटा तापला, “ठोका ना खुंटी! काऊन थांबले?”

“पाव्हणे कमी हायेत बे. येऊ दे.”

थोरल्याच्या बायकोनं हे ऐकलं आणि घरून किटलीभर चहा पाठवला. काका हसले नाहीत. त्यांनी दोघा भावांना शेजारी बसवून तो पाजला. चहा संपता संपता पडद्यावर ‘फिक्स’ आलं, जागा पक्की झाली. खुंटी कुठं बसली, यावरून कोणी भांडलं नाही.

आता मी एकटा मोजणीला जातो. काल सुलतानपूरहून परतल्यावर काकांना पत्र लिहिलं:

“काका, आज लोकांनी मले लय घाई केली. पाव्हणे आल्यावरच खुंटी ठोकली. चहा मात्र कोणी पाठवला नाही.”