बॅटरीला वाहिलेला नारळ

नंदाला किळस फार. कणकेत केस दिसला तर अख्खी परात ओतून देईल. पाहुण्याने चाटलेला चमचा परत श्रीखंडात घातला की तिचं जेवण तिथंच संपलं. हिंजवडीला मुलींच्या होस्टेलात ती सकाळचा नाश्ता आणि डबे करते. तिथल्या मुली म्हणतात, मावशींच्या ओट्यावर ऑपरेशन करावं इतका तो स्वच्छ. आणि अशा बाईच्या वाट्याला काय यावं, तर मोटारसायकलची बॅटरी!

गाडी मूळची तिच्या नवऱ्याची, सीतारामची. दोघं यवतमाळकडची. लग्नानंतर पुण्यात आली आणि शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहिली. सीतारामने त्याच गाडीवरून वर्षानुवर्षं पार्सलं पोचवली. मग काचबिंदूने डोळे अधू झाले, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची पाळी आली, तेव्हा गाडी नंदाने हातात घेतली. उजाडायच्या आत हिंजवडी गाठायची तर बसचा काय भरवसा? कमरेला ओढणीची गाठ मारून ती निघायची. आधी आधी पेठेतली कुत्री भुंकायची, मग त्यांनीही नाद सोडला.

सीतारामला हे मनातून पटलेलं नव्हतं. गाडी दिली, पण सीटखालच्या बाजूचं बॅटरीचं झाकण मात्र तिला उघडू द्यायचा नाही.

"गाडीचा जीव तिथं असते, नंदे. बाईमाणसाचं काम नाही ते."

वर्षातून एकदा, दसऱ्याला, तो स्वतः ते झाकण चाचपडत काढायचा आणि पूजा करायचा. नंदा तेव्हा वर पुऱ्या तळत असायची. कशी पूजा करतो, काय वाहतो, तिने कधी पाहिलं नाही. नवऱ्याच्या देवभक्तीत डोकावू नये, असं तिला वाटायचं. तिथंच चुकलं.

यंदा मार्गशीर्षात गाडीने मान टाकली. बटण दाबलं की आतून नुसतं टकटक. हॉर्न तर असा, की कोंबडीला पडसं झालंय. किका मारून मारून नंदाच्या पोटरीत गोळे यायचे. दोनदा पोरी उपाशी कॉलेजला गेल्या, आणि होस्टेलच्या चैतालीमॅडमनी गोड आवाजात सांगितलं, "मावशी, आणखी एकदा असं झालं तर मला दुसरी सोय बघावी लागेल हं."

नंदाने हे घरी सांगितलं, तर सीतारामचा निकाल तयारच होता.

"तुह्या हातानं बिघडली गाडी. दिग्विजयले नोकरी लागली ना हिंजवडीले, तो येते रविवारी. त्याले देऊन टाकू."

दिग्विजय म्हणजे पुतण्या.

"आन् मी कामाले काय उडत जाऊ?"

"बसनं जाय. साऱ्या दुनियेच्या बाया जातात."

शनिवारी दुपारी सीताराम घोरायला लागल्यावर तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली जाऊन ते झाकण काढलं.

अगं आई गं! दोन्ही बोल्टांवर हिरवट-पांढरी बुरशी फुललेली, आठ दिवसांच्या भाकरीवर यावी तशी. खाली नारळाचं पाणी मुरून मुरून चिखल झालेला, त्यात हळदीकुंकू काळं पडलेलं. झेंडूची फुलं कुजून शेवाळासारखी झालेली. एक झुरळ पाय वर करून शांत पहुडलं होतं, त्याला मुंग्या लागलेल्या. बॅटरी बांधायचा रबरी पट्टा कधीचाच तुटला होता, त्या जागी पूजेचा लाल दोरा बांधलेला. तोही अ‍ॅसिडने खाल्लेला. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला बॅटरी आत उड्या मारत होती आणि वायरी ढिल्या होत होत्या.

नंदाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, तसंच झाकण लावलं आणि गाडी ढकलत दशरथच्या दुकानात नेली. दशरथ बॅटऱ्या चार्ज करतो. त्याने आत पाहिलं, मग नंदाकडे पाहिलं.

"ही बॅटरी आहे की देव्हारा?"

"आमचे हे पूजा करतात."

"आरतीला बोलवायचं होतंत."

बोलता बोलता त्याने आधी काळी वायर सोडली, मग लाल. "काढताना काळी आधी, लावताना लाल आधी, लक्षात ठेवा." चिमटीत धरून बॅटरी उचलली, तोंडं उघडून आत डिस्टिल वॉटर घातलं आणि चार्जिंगला लावली. "घाई नाही करायची. खीर कशी, मंद आचेवर आटवतात ना? तसंच हे. उद्या न्या. गाडीतली घाण मात्र तुमची तुम्ही काढा. आमच्याकडे बॅटऱ्या चार्ज होतात, निर्माल्य नदीवर."

गाडी नंदाने तशीच ढकलत घरी आणली आणि रविवारी बॅटरी आणायला गेली. पोर कडेवर घ्यावं तशी ती घेऊन आली, तर दिग्विजय गाडीशी हजर. केसांना जेल, पायात पांढरे शुभ्र बूट. सीताराम शेजारी खुर्ची टाकून बसलेला.

"काकू, सॉरी हं, पण काकाच म्हणाले. मी एकदम मेंटेन ठेवीन गाडी, डोन्ट वरी."

"ठेव बाप्पा." नंदाने बॅटरी खाली ठेवली, झाकण काढलं. "आधी हे साफ कर. हात घाल."

दिग्विजय वाकला. वास नाकात गेला तसा दोन पावलं मागे सरला. "ईऽऽ! काकू, हे काय आहे? हे सर्व्हिस सेंटरवाले करतात ना?"

"नाही करत. अन् एकदा करून भागत नाही, दर महिन्याले पुसावं लागते."

"कायचा वास येऊन राहिला?" सीतारामने विचारलं.

"तुमच्या पूजेचा."

मग नंदानेच हात घातला, कोपरापर्यंत. दोनदा उमासा आला, तिने तो गिळला. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून बोल्टांवर टाकला तसा फसफसून फेस आला. झुरळ काडीने उचलून तिने मुद्दाम दिग्विजयच्या बुटाजवळ ठेवलं. डबा पुसून कोरडा केला. लाल वायर आधी, काळी नंतर, वर बोटभर व्हॅसलीन, आणि शेवटी दशरथने दिलेला नवा रबरी पट्टा ताणून अडकवला. मग सीतारामचा हात धरून त्या पट्ट्यावर ठेवला.

"हलवून पाहा."

त्याने हलवलं. बॅटरी हलली नाही. तो बराच वेळ पट्टा चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "मले दिसत नव्हतं, नंदे. वाटे, देवाचं पाणी हाय, भलंच करन."

"देवाचं हाय म्हणून काय झालं? अ‍ॅसिडात ओतलं ना."

तिने बटण दाबलं. गाडी खणखणीत सुरू झाली. हॉर्न वाजला तसा दिग्विजय दचकला. त्याने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा त्या झुरळाकडे.

"काका, मी काय म्हणतो... कंपनीची बस आहेच तशी. एसी आहे."

सीतारामने खिशातून किल्लीची दुसरी जोडी काढून नंदाच्या दिशेने धरली. ती जोडी त्याने डोळे गेल्यापासून कोणाला दिली नव्हती.

"हात धुतल्यावर घेते," नंदा म्हणाली. तीनदा साबण लावून धुतले, तरी संध्याकाळी भाकरी थापताना तिला तोच वास येत होता. दोन भाकरी थापल्या आणि आपल्या वाटणीची तिने गल्लीतल्या गायीला घातली.

पुढच्या दसऱ्याला सीताराम नारळ घेऊन खाली उतरला, तेव्हा नंदा गॅस बंद करून मागोमाग आली. पुढच्या चाकाला तिने त्याच्याकडून हळदीकुंकवाचं एकेक बोट लावून घेतलं, दगडावर नारळ फोडायला लावला आणि पाणी वाटीत धरून त्याच्या हातात दिलं.

"बॅटरीले डिस्टिल वॉटर," ती म्हणाली, "हे तुम्ही प्या."