रुंद रस्ते आम्ही एकदा भोगलेत

मंडळी, आत्ताच शहराच्या वाहतूक आराखड्याच्या बैठकीतून आले. डोकं अजून तापलंय.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझी मुलींची मेस आहे. संध्याकाळी क्लास सुटले की पोरी ऑटो आणि गाड्यांमधून अंग चोरत जेवायला येतात. आज भिंतीवरच्या नकाशात तोच रस्ता रुंद केलेला होता, दोन्ही बाजूंना पार्किंग. फुटपाथ कुठेच नाही.

नकाशा समजावणाऱ्या अधिकाऱ्याला मी विचारलं, "साहेब, पोरींनी चालायचं कुठून?"

"मावशी, रस्ता रुंद झाला की सगळं सुटतं."

मग मात्र मी उठून उभी राहिले. "भूकंपानंतर आमच्या गावालाबी असेच रुंद रस्ते आखून दिले, आम्हाला न विचारता. घरं इतकी पांगली की आईला शेजारणीकडं जायचं म्हणजे उन्हात लई पायपीट. तवा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो, भांडायची ताकद न्हवती. आता हाय."

साहेब म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

बघाच. त्या दिवशी मी आणि मेसच्या पोरी, आम्ही सगळ्या त्याच रस्त्याने, मधोमध चालत बैठकीला येणार. फुटपाथ नाही, तर रस्ता आमचा.

तुमचीही पोरगी याच गल्लीतून चालते. येताय ना?