शेवटचा बाक

बाळांनो, आजच लिहिते; उद्यापर्यंत माझा राग निवायला नको. आमच्या चर्चमधल्या सुशीलाबाई दर रविवारी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसतात. पाळकसाहेब पुढे बोलावतात. "नको हो, मी पामर इथेच बरी," म्हणत त्या सगळ्यांदेखत पहिल्या बाकावर येतात. तुमच्या आजोबांना मूठमाती देताना याच बाईंनी मोठ्याने प्रार्थना केली होती, "प्रभू, या गर्विष्ठाला क्षमा कर."

आज पाळकसाहेबांनी हाक मारताच मी म्हणाले, "राहू द्या साहेब, पामराला तिथेच बरं वाटतं." त्या मागेच राहिल्या. नम्रतेलाही प्रेक्षक लागतात, असं मनाशी म्हणत मी वळले, तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. प्रभूच्या प्रार्थनेतली, आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ मी नुसती ओठांनी म्हटली.

राग अजून शाबूत आहे.