घोट्याच्या चालीनं

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती डावा पाय उजव्या मांडीवर घ्यायची, घोट्याच्या हाडाखाली अंगठा टेकवायची आणि डोळे मिटायची. फोनवर पलीकडचं माणूस बोलत असताना आपण जसे गप्प होतो, तशी गप्प व्हायची. मग अंगठा काढून मला सांगायची, "रुसलाय अजून."

मी अंगणात सडा मारत असायचे. "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आदी माफी माग."

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस राहून गेलं असेल. त्याच्या दुखण्याची रोज चौकशी करता करता ते दुखणंच घरातलं होऊन जातं. सकाळचा चहा व्हायच्या आधी आमचे हे विचारायचे, "घोटा काय म्हणतो?" बाई कशी आहे, हे नंतर.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. माधवनगरच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवायची. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, काटक. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. ती किती वेगाने पळायची ते मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही. मी उठायच्या आत ती हरिपूरच्या रस्त्याला लागलेली असायची. मला दिसायचे ते कठड्यावर वाळत घातलेले तिचे ओले बूट. नदीकाठचं धुकं त्यांच्यातून वर जिन्यापर्यंत आल्यासारखं वाटायचं.

साताऱ्याला दरवर्षी डोंगरावरची शर्यत असते. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर पठारावर जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. ती ही शर्यत कधी चुकवत नसे. त्या वर्षी उतारावर रस्त्याच्या कडेचा एक सुटा दगड तिच्या पायाखाली आला आणि डावा घोटा मुरगळला. खाली पोचायला बरंच अंतर बाकी होतं. ते तिने तसंच पळून पार केलं.

"थांबली का नाहीस?" मी विचारलं.

ती माझ्याकडे नवल वाटल्यासारखी बघत राहिली. "आवं वैनी, वाटंत कुनी थांबतं व्हय? मुक्कामाला गेल्यावर बगायचं असतंय."

तिचं घराणं आटपाडीकडच्या मेंढपाळांचं. पाऊस संपला की मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन ही माणसं पाण्याच्या मुलखाकडे निघतात आणि महिनोन्‌महिने चालत राहतात. काटा मोडला, पाय लचकला, तरी मुक्काम येईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, हे तिला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तिचा पाय पाहून सांगितलं, "मुरगळला तेव्हा सांध्याचे आतले बंध थोडेच तुटले होते. बाकीचे तुम्ही तोडलेत."

सांगलीत कुणाचा पाय सुजला की हळद घेऊन येणाऱ्यांची कमी नसते. मीच पहिली. अडतीवरची चांगली राजापुरी हळद आंबेहळदीत कालवून, गरम करून मी लेप केला. समोरच्या काकूंनी त्यावर तुरटी सुचवली, मागच्या घरातून रक्तबोळ आला. ती पलंगावर पाय पसरून बसली होती आणि घोटा पिवळाधमक झाला होता.

"एवढी हळद लावताय, तर मुंडावळ्या बी बांदा," ती म्हणाली. "पोरगी कोन बगितलीया त्येला?"

शाळेत तिला खुर्चीवर बसून शिट्टी वाजवायची परवानगी मिळाली. एके दिवशी संध्याकाळी ती हसतच घरी आली. पाचवीच्या मुलींना धावायची सुरुवात कशी करायची ते तिने दोन-चार पावलं टाकून दाखवलं होतं. मग शिट्टी वाजवली, तर अख्खी रांग डाव्या पायाने लंगडत पळाली. मुलींना वाटलं, असंच पळायचं असतं.

हसता हसता ती थांबली. "येक पोरगी तशीच लय जोरात पळाली वैनी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत गेली, त्यानंतर दुसरी मुदत गेली. सूज उतरायची, दोन दिवस आशा वाटायची, पुन्हा चढायची. सुरुवातीला रोज येणारे आठवड्याने येऊ लागले, मग येईनासे झाले. मोडलेलं हाड असतं तर लोकांनी मानलं असतं. बाहेरून धड दिसणाऱ्या पायाला इतके महिने कोण विचारणार?

एकदा मी तिच्यासाठी पेज घेऊन वर गेले, तर ती पलंगाच्या काठावर बसलेली, दोन्ही पाय जमिनीपासून वर धरलेले. फरशी ओली आहे की काय म्हणून मी खाली पाहिलं.

"टेकवत न्हाई," ती म्हणाली. "रोज झोपंत मी पळतीया. हरिपूरचा रस्ता असतोय, चिंचा असत्यात, आन पाय बरा असतोय. अगदी बरा. जाग आली की जोवर खाली टेकवला न्हाई तोवर बराच असतोय. म्हनून जरा ऱ्हाती अशी."

मी पेजेचं भांडं ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. खिडकीतून सकाळचं ऊन आत येत होतं. ती सांगत होती, मी ऐकत होते. लहानपणी ती कळपाबरोबर चालायची. मग शिकायला वसतिगृहात ठेवली, पुढे नोकरी लागली. आई-बाप, भाऊ, भावजया सगळे वाटेवर, आणि ही एकटी एका खोलीत. "तवा मी पळाय लागले. आमच्यातलं चालनं सुटलं, म्हनून. सकाळी पळत असले की वाटायचं, तीबी तिकडं निगाली असतील, मीबी इकडं निगाले. आता पळनं गेलं, तर मी त्यांच्यातली ऱ्हायले कुटं?"

एवढ्या महिन्यांत मला वाटत होतं की तिला शर्यत हवी आहे. माझा अंदाज चुकला होता.

दिवाळीनंतर तिने कुणाला न सांगता पळून पाहिलं. परतली ती दुधाच्या गाडीतून, कॅनच्या मध्ये बसून, डावा बूट हातात. ह्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "आज दुधाबरोबर म्हैसही आली? आपल्याकडचीच का?" ती हसली नाही. घोटा पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला होता.

त्याच सुमारास तिचे वडील कळप घेऊन कृष्णाकाठी उतरले. त्यांना ती आबा म्हणायची. ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आपल्याकडे रीत आहे. रात्रभर मेंढरं बसतात, त्यांच्या लेंड्यामुतावर जमिनीला कस येतो, आणि शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. आमच्या अडतीच्या मालकांचं रान हरिपूरच्या पलीकडे होतं. मी शब्द टाकला, आणि कळप तिथे बसला.

सकाळी मी तिला स्कूटरवर घेऊन गेले. नदीवरून धुकं रानात शिरलं होतं. वाघरीच्या आत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं अजून बसूनच होती. पांढऱ्या धुक्यात काळी पाठ, पुन्हा धुकं, पुन्हा पाठ. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सगळं रानच झोपेत श्वास घेतंय असं वाटलं. आबा घोंगडी पांघरून बांधावर बसले होते. त्यांनी लेकीचा पाय पाहिला, पण हात लावला नाही.

"कवापास्नं?"

"शर्यतीपास्नं."

"आन घरी बसून हायस म्हनं."

"बसून काय करायचं आबा? कंटाळा आलाय बसून."

आबांनी कळपाकडे बोट केलं. "ती बगं. रातभर बसल्यात. आपल्याला जवारी मिळती ती चालल्याची न्हवं, बसल्याची मिळती."

ऊन आल्यावर वाघर सोडली. कळप निघायच्या वेळी मी एक गोष्ट पाहिली, ती तुम्हालाही सांगावीशी वाटते. एक मेंढी मागच्या पायाने लंगडत होती. मला वाटलं ती मागे राहणार. आबांनी तिला कानाला धरून, गर्दीतून वाट काढत, सगळ्यांच्या पुढे आणलं आणि स्वतः तिच्या बाजूने चालू लागले. मागचा सगळा कळप तिच्या चालीने निघाला. मेंढरं एकमेकांवर चढत होती, ओरडत होती, पण पुढे जाता येत नव्हतं. रान ओलांडायलाच केवढा वेळ गेला.

"आबा, असं चाललात तर उनं चढतील," ती मागून म्हणाली.

"चढू द्यात. उनाला कुटं जायाचंय?" आबा वळलेही नाहीत. "मागं टाकली तर येकली पडती. म्होरं घातली की समद्यांचीच चाल तिची."

ती बांधावर उभी राहून कळप दिसेनासा होईपर्यंत बघत होती. परतताना स्कूटरवर मागून एकच वाक्य म्हणाली, "मी त्येला मागं टाकत व्हते वैनी." मी कोणाला म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी हरिपूरच्या रस्त्यावर चालू लागलो. माझं वजन आणि माझे गुडघे पाहता माझ्याहून हळू चालणारं कुणी त्या रस्त्यावर नसावं.

"वैनी, तुमी म्होरं व्हा," ती म्हणायची.

"म्हणजे मी लंगडी काय गं?"

"न्हाई वो. तुमी मेंढी."

हरिपूरहून येणाऱ्या भाजीवाल्या, रिक्षावाले, सकाळचे फिरणारे, सगळे आम्हाला मागे टाकून जायचे. चिंचेची पानं इतकी बारीक की त्यांची सावलीसुद्धा सावलीसारखी वाटत नाही, उन्हाला चाळून घेतल्यासारखी वाटते. त्या उन्हातून आम्ही चालायचो. कधी गप्पा, कधी काहीच नाही. कित्येकदा मला वाटायचं की रस्ताच खालून हळूहळू मागे सरकतोय आणि आपण नुसत्या उभ्या आहोत. किती सकाळी चाललो, मला विचारू नका. मोजायचं राहून गेलं, आणि माझ्याकडून असं फार थोड्या गोष्टींचं होतं.

उन्हाळा संपताना ती दोन झाडांमधलं अंतर पळू लागली. पुढे जाऊन माझी वाट बघत थांबायची. मग चार झाडं. डॉक्टरांनी पाय पुन्हा तपासला, इकडे वळवला, तिकडे वळवला. "चढ चालेल," ते म्हणाले. "सपाट चालेल. उतार मात्र नको. उतारावर हा घोटा आता पहिल्यासारखा धरणार नाही. या वर्षी नाही, आणि पुढचंही मी सांगत नाही."

जो घाट चढायचा तो उतरावा लागतो, अशी ती शर्यत. मला वाटलं, संपलं. घरी येईपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही.

जिन्याशी आल्यावर ती म्हणाली, "भावजींना विचारा, त्या दिवशी गाडी मिळंल का. मला वर चढायचं हाय. उतरताना तुमच्यासंगं येते."

त्या शर्यतीच्या निकालात तिचं नाव नाही. मी नंतर सगळी यादी खालपर्यंत पाहिली. पुढच्या जूनमध्ये तिची बदली पाटणला झाली. तिथे चहूकडे डोंगर आहेत आणि तिचा फोन क्वचितच लागतो. वरच्या खोलीत आता एक बँकेतलं जोडपं राहतं, शांत आहे, तक्रार नाही. सकाळी सडा मारताना माझा हात जरा रेंगाळतो, एवढंच.

तर शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद व्हायच्या आधीच आम्ही गाडी घेऊन पठारावर जाऊन थांबलो. ढग इतका खाली आला होता की समोरचा माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. वळणाच्या जागी ढोल वाजत होता. पळणारे पांढऱ्यातून बाहेर येत होते, खांबाला वळसा घालत होते आणि पुन्हा पांढऱ्यात जात होते. पुढचे सगळे जाऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा ती आली. तोंड लाल, केस ओले. पावलं दोन्ही सारखी पडत नव्हती, पण ती त्यांना घाई करत नव्हती. मी शाल उघडून पुढे झाले. ह्यांनी गाडीचं दार उघडून धरलं.

ती माझ्यासमोर आली. हात लांब करून माझा दंड दाबला.

"जरा म्होरं जाते वैनी. सपाट हाय. तुमी या सावकाश मागनं."

स्वयंसेवक ओरडला, "मॅडम, इकडे वळायचंय, इकडे." बाकीचे सगळे वळत होते. ती खांबाच्या शेजारून सरळ कासच्या दिशेने गेली. थोडा वेळ तिच्या पाठीवरचा नंबराचा कागद दिसला, मग नुसती पाठ, मग तीही नाही. ढोल थांबला तेव्हा बुटांचा आवाज येत होता. एक पाऊल जड, एक हलकं, पण न थांबता.

"गाडी चालू करू?" ह्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "तिला चालू द्या."