टेपला टाइम लावणारे भाऊ

“आधी टेपले टाइम लावू दे बे, मंग बोल,” असं म्हणत भाऊ कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावायचे, नवी टेप घालायचे आणि रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवून द्यायचे. तासभर नुसता काळोख भरला जायचा. दुकानात आलेल्यांना हसू यायचं.

भाऊ रोहिणखेडचे. आसपासच्या लग्नांचं शूटिंग ते करायचे आणि मोताळ्यात माझ्या दुकानात मी त्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून एडिटिंग करायचो. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल तर त्याला टाइमकोड समजवायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की टेपवर चित्रासोबत वेळेचे आकडे नोंदले जातात. मध्ये जराशी टेप कोरी राहिली, की आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. कॉम्प्युटर त्या कोऱ्या जागी थांबतो, टेप संपली असं समजतो. आधीच काळोख भरून ठेवला तर आकडे तुटत नाहीत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर भाऊंना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. भर लग्नात एखादी म्हातारी म्हणायची, “दाखव ना रे बाबा, माही नात कशी दिसते.” भाऊ टेप मागे घेऊन तिला छोट्या पडद्यावर नात दाखवत बसायचे. पुन्हा शूटिंग सुरू करेपर्यंत टेप पुढे सरकलेली असायची, मध्ये कोरी जागा राहायची.

मी चिडायचो. “भाऊ, तुम्ही तिथं सिनेमा दाखवता, अन् निस्तरतो मी.”

“म्हतारी खुश झाली ना? मंग बस,” ते म्हणायचे.

एकदा त्यांच्याच गावात लग्न होतं. आदल्या दिवशी लाइन गेली आणि शेवटची टेप कोरीच राहिली. लग्नात कुणीतरी दाखव म्हणालं आणि व्हायचं तेच झालं. भाऊंनी टेपच्या डबीत चिठ्ठी घातली, ‘मध्ये शून्य झाला. बिदाई पुढं आहे. शेवटपर्यंत पाहणे.’ मी ती वाचली, परत डबीत ठेवली. लग्नसराईचे दिवस, पुढ्यात सहा लग्नं पडलेली, डोळ्यांची आग होत होती. कोऱ्या जागी पडदा निळा झाला, कॉम्प्युटर थांबला, मीही थांबलो. सीडी बिदाईशिवाय गेली. नवरीच्या घरच्यांनी विचारलं तेव्हा, तेवढं शूटिंगच आलं नाही, असं मी सांगून टाकलं.

मूळ टेपा घरच्यांना देऊन टाकायची भाऊंची पद्धत होती. त्यामुळे मागच्या वर्षी ती नवरी, आता दोन लेकरांची आई, तीच डबी घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील वारले होते. “सीडीत पप्पा कुठंच नाहीत,” ती म्हणाली. “एकदा टेप पाहा ना.”

तशी टेप चालवणारा कॅमेरा आता फक्त भाऊंकडे उरला होता. फार थकले होते ते. तरी पिशवीत कॅमेरा घालून एसटीने आले. डबी उघडली तर आत चिठ्ठी. भाऊंनी ती वाचली आणि माझ्याकडे न पाहता घडी घालून खिशात टाकली.

टेप लावली. बऱ्याच वेळाने निळा पडदा आला आणि माझा हात सवयीने बटणाकडे गेला.

“थांब ना बे. काऊन घाई करून राह्यला?”

आम्ही तिघं निळ्याकडे पाहत बसलो. मग आकडे शून्यापासून सुरू झाले आणि बिदाई आली. सगळे रडत होते. वडील मात्र पाठ फिरवून गाडीच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहत होते. एक चाक झालं, दुसरं झालं, मग पुन्हा पहिलं.

“असेच होते पप्पा,” ती हसत म्हणाली आणि हसता हसताच रडायला लागली. मग भाऊंकडे वळली. “काका, हे तवाच काऊन नाई देलं? पप्पाइनं पाह्यलं असतं.”

“चुकलंच माय. म्या टेपले टाइम लावला नव्हता.”

मी टेप काढून डबीत घातली. जाताना भाऊ कॅमेरा माझ्याकडेच ठेवून गेले.

दिवाळीनंतर भाऊ वारले. तेरवीच्या पंगतीत ती शेजारणीला सांगत होती, “काकाची चूक झाली होती, पण मनाचा मोठा माणूस. कबूल केलं त्याइनं.” मी समोरच्याच रांगेत होतो. ताटातली पोळी वरणात कुस्करत राहिलो. तोंड उघडायचंही त्राण नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर धीर नव्हता.

म्हणून आज लिहितो आहे. चूक भाऊंची नव्हती. चिठ्ठी मी वाचली होती.